पागोळीचें पाणी आणि शेजारधर्म

पाऊस पडतांना कोणाची हद्द पाहत नाहीं. परंतु तो जमिनीस लागतांच त्यास मालक चिकटतो. शेजारच्या कौलांवरून आपल्या अंगणांत उतरलेलें पाणी शेजाऱ्याचें ठरतें, आपल्या अंगणांतून शेजाऱ्याकडे गेलेलें पाणी देवाचें ठरतें, आणि दोघांच्या मध्यें तुंबून राहिलेलें पाणी म्युनिसिपालिटीचें ठरतें! नळास येणाऱ्या पाण्याची गोष्ट अगदीं उलट. त्यांतला एक हंडा शेजारी गेलेला कोणास खपत नाहीं. आकाशांतून फुकट आलेलें पाणी मात्र आपलें म्हणावयास कोणी पुढें येत नाहीं.

हा विषय आमच्या कांहीं वाचकांस घरगुती मासिकाच्या मानानें किरकोळ वाटेल. परंतु संसारांतील मोठीं वैरें बहुधा लहान वस्तूंवरून जडतात, हें ज्यांनीं चार पावसाळे अधिक पाहिले आहेत त्यांस सांगावयास नको. मुंबईच्या जुन्या वस्तींत दोन शेजाऱ्यांमध्यें अबोला कां पडला ह्याचा शोध करीत गेलें, तर पुष्कळदां त्याच्या मुळाशीं एखादी पन्हळ, एखादा नळ किंवा वीतभर उंचीचा बांध सांपडतो. आणि त्या अबोल्याचें फळ भांडणाऱ्यांपेक्षां तळमजल्यावरील तिसऱ्याच बिऱ्हाडास भोगावें लागतें. म्हणून आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. आपल्या छपरावर व आपल्या अंगणांत पडलेलें पाणी सार्वजनिक गटाराच्या तोंडास सुखरूप पोहोंचेपर्यंत आपलेंच असतें. तें कुंपण ओलांडून गेलें एवढ्यानें आपण त्यांतून मोकळे होत नाहीं.

मुंबईस हा प्रश्न इतर गांवांपेक्षां अधिक कां जाचतो, हें प्रथम पाहूं. गिरगांवांतील स्थळांचीं नांवेंच घ्या: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट, खेतवाडी. हीं सारीं नांवें बागांचीं व शेतांचीं आहेत. जेथें आज माणसांची दाटी आहे तेथें पूर्वीं झाडांची दाटी होती, आणि पागोळ्यांचें पाणी माडाच्या आळ्यांत जिरून जात असे. त्यापलीकडे भायखळा, महालक्ष्मी ह्या बाजूस बेटांच्या मधली खोलगट जमीन होती व भरतीचें पाणी तींत शिरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गव्हर्नर हॉर्नबी ह्याच्या कारकीर्दींत वरळीकडील खिंडार बांध घालून बुजविण्यांत आलें. समुद्र बाहेर राहिला. परंतु जमीन जेवढी खोल होती तेवढीच राहिली. अशा ह्या बशीसारख्या भूमीवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीनें दोन हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे सुमारें ऐंशी इंच, पाऊस पडतो.

इंग्रजी अमदानींत शहराच्या पावसाळी गटारांची जी आंखणी झाली तिच्यांत तीन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. पहिली अशी कीं, तासास २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाच्या आसपास, पाऊस पडेल. दुसरी अशी कीं, त्या वेळीं समुद्रास ओहोटी असेल. आणि तिसरी, जिच्याकडे आमच्या मतें कोणीच पुरेसें लक्ष दिलें नाहीं, ती अशी कीं, पडलेल्या पाण्यापैकीं निम्मेंच गटारांत येईल व उरलेलें निम्में जमिनींत मुरेल. म्हणजे शहरानें अर्ध्या पावसाचा भार गटारांवर टाकला होता आणि अर्धा आमच्या-तुमच्या अंगणांवर! गटारें आपल्या परीनें काम करीत राहिलीं. अंगणांनीं मात्र कोणास न कळवितां राजीनामा दिला. प्रथम तुळशीवृंदावनाभोंवतीं फरशी आली, मग सर्वत्र कोबा झाला, मग मोटारी उभ्या करण्यासाठीं सिमेंटचे ठोकळे बसले. मातीचा अंश उरला तो कुंड्यांत.

गटारांची शक्ति वाढवून तासास ५० मिलिमीटर पावसास पुरेल अशी करावी, आणि अंगणांत कांहीं मुरेल हा भरंवसा सोडून द्यावा, अशी शिफारस १९९३ सालच्या ब्रिमस्टोवॅड ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अहवालांत होती. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां ह्या कामाची निकड सर्वांस पटली. (त्याच दिवशीं कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर झाला होता, पाऊस किती व कोठें पडावा हें कोणाच्या हातीं नसतें, त्याचें हें ढळढळीत उदाहरण.) भरतीच्या वेळीं पाणी उपसून समुद्रांत टाकणारीं यंत्रगृहें हाजीअली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर इत्यादि ठिकाणीं उभीं राहिलीं. परंतु तेथपर्यंत पाणी पोहोंचावयाचें तर तें आधीं आपल्या दोन इमारतींमधल्या बोळांतून निघालें पाहिजे.

ह्या बोळास मुंबईंत घरगल्ली म्हणतात. बाहेरगांवच्या वाचकांस हा शब्द नवा वाटेल, म्हणून खुलासा करतों. दोन चाळींच्या पाठी एकमेकींस लागतात तेथें दोन-चार हात रुंदीची एक पट्टी मोकळी सोडलेली असते. दोन्ही बाजूंच्या मोऱ्यांचे व गच्च्यांचे नळ तींत उतरतात. पूर्वीं जेव्हां टोपलीचे संडास होते तेव्हां सफाई करणाऱ्यांची जाण्यायेण्याची वाट हीच होती. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यांत ह्या गल्लीची स्वतंत्र व्याख्या दिलेली आहे. कायद्यानें जिची दखल घेतली तिची दखल घरांतील माणसांनीं मात्र घेतली नाहीं. घराचें दर्शनी दार आपलें व मागची गल्ली परक्याची, असा आपल्या सुशिक्षित कुटुंबांचा समज आहे. खिडकींतून फेंकलेली केळ्याची साल, केसांचा गुंतवळ, दुधाच्या पिशव्या, निर्माल्यसुद्धां, सर्व कांहीं ह्याच गल्लींत जातें. आणि जो सफाई कामगार पावसाळ्यापूर्वीं गुडघाभर घाणींत उभा राहून हें सारें उपसतो, त्याचा चेहरा ओळखणारें घर आम्हांस अद्याप भेटावयाचें आहे. तुंबलेल्या घरगल्लीचा पहिला अपराधी पाऊस नसून खिडकी आहे, हें गृहिणींनीं व त्यांहूनहि अधिक मुलांनीं ध्यानांत ठेवावें.

दादरची स्थिति जरा वेगळी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली व त्या ट्रस्टनें दादर-माटुंग्याच्या बाजूस नव्या वसाहती आंखल्या. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी ह्या त्यांतल्याच. तेथें इमारतीभोंवतीं मोकळी जागा सोडण्याचा नियम होता. म्हणून दोन शेजाऱ्यांच्या मध्यें गल्लीऐवजीं कुंपणाची भिंत आली. आतां त्या दोन-तीन मजली घरांच्या जागीं उंच इमारती होत आहेत. नवी इमारत बांधतांना भराव घालून जोतें उंच घेतात. शेजारची जुनी इमारत आहे तेथेंच राहते, आणि पूर्वीं ज्या दोन अंगणांची पातळी एक होती त्यांतलें एक ताट व दुसरें वाटी होऊन बसतें.

परळ-लालबागच्या बाजूस हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. गिरण्यांच्या आवारांत मोकळ्या जागा असत. कित्येक आवारांत तळींहि असत, व पावसाचें पुष्कळ पाणी त्यांत सामावत असे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरूं झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि पुढें त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. मनोऱ्याच्या पायथ्याशीं असलेल्या चाळींस वरून सांवली व खालून पाणी, असा दुहेरी लाभ झाला. दादर व परळ ह्यांच्यामध्यें हिंदमाता म्हणून जो भाग आहे तो तर सभोंवतालच्या सर्व जमिनीचा तळ. तेथील पाणी सांठविण्यासाठीं महापालिकेस अलीकडे परळच्या सेंट झेवियर मैदानाखालीं व दादर पश्चिमेच्या एका उद्यानाखालीं मोठ्या टाक्या बांधाव्या लागल्या. जें काम पूर्वीं तळीं व अंगणें फुकट करीत होतीं, तेंच आतां कोट्यवधि रुपये खर्चून जमिनीखालीं करावें लागत आहे.

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. हा तंटा मुंबईनें शोधून काढलेला नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत घर, सीमा व शेजार ह्यांसंबंधीं जे नियम आहेत, त्यांत पाण्याच्या वाटेचा नियम स्पष्ट आहे. प्रत्येकानें आपल्या घराचें पाणी वाहून नेणारी वाट चांगल्या उताराची करावी, आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन पावलें किंवा दीड हात अंतरावर ठेवावी. हा नियम मोडणारास ५४ पण दंड. हा ग्रंथ शामशास्त्री ह्यांनीं म्हैसूर येथें १९०९ सालीं प्रसिद्ध करीपर्यंत पंडितांसहि त्याचें केवळ नांव ठाऊक होतें. कात्यायन स्मृतिकाराचें मतहि मननीय आहे. शेजाऱ्याचा पाणी जाण्याचा मार्ग कोणीं अडवूं नये, असें तो सांगतो. आणि लगेच दुसऱ्या बाजूनें हेंहि बजावतो कीं, वस्ती एकदां बसल्यानंतर परक्याच्या घरावर पडेल अशी नवी पन्हळ कोणीं काढूं नये. बृहस्पतीच्या मतें तर चौसोपी घराच्या पागोळ्या जेथें पूर्वींपासून पडत आल्या आहेत तेथून त्या हलवूं नयेत. ह्या तिघांच्या म्हणण्याचा मथितार्थ दोन शब्दांत येतो. खालच्यानें अडवूं नये. वरच्यानें ढकलूं नये.

आजचा कायदाहि ह्याहून फारसा निराळा नाहीं. वहिवाटीच्या हक्कांसंबंधींचा जो १८८२ चा ईझमेंट ॲक्ट आहे, तो मुंबई इलाख्यास १८९१ सालीं लागू झाला. त्यांत असें सांगितलें आहे कीं, उंच जमिनीवर पडलेलें व ठराविक पाटांतून न वाहणारें पाणी स्वाभाविकपणें खालच्या जमिनीवर येत असेल तर तें येऊं देणें हें खालच्या मालकाचें कर्तव्य आहे. ह्यांतील 'स्वाभाविकपणें' ह्या शब्दावर आमच्या वाचकांनीं बोट ठेवावें. जें पाणी पूर्वीं पसरून येत होतें तें नळांत कोंडून एकाच ठिकाणीं सोडणें, हा स्वभाव नव्हे. ती करणी झाली. त्याचप्रमाणें, ज्याच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या जमिनीवर वीस वर्षें उघडपणें, शांततेनें व हक्क म्हणून अखंड पडत आल्या आहेत त्यास तो हक्क प्राप्त होऊं शकतो; परंतु वळचण पुढें वाढवून शेजाऱ्यावरचा भार वाढविण्याचा अधिकार त्यास मिळत नाहीं. एक गोष्ट खालच्या शेजाऱ्यानेंहि जाणून घ्यावी. आपण मागितल्यावरून व लेखी परवानगीनें दिलेली सवलत ही कितीहि वर्षें चालली तरी हक्क होत नाहीं. म्हणून 'आज नळ लावूं दिला तर उद्यां जमीन जाईल' ह्या भीतीनें शेजाऱ्याची अडवणूक करण्याचें कारण नाहीं. दोघांच्या सह्यांचा चार ओळींचा कागद करावा व निश्चिंत असावें. शेजाऱ्यांमध्यें कागद कसला, असें म्हणणारे गृहस्थच पुढें कोर्टाचे कागद वागवितांना दिसतात.

शास्त्र व कायदा झाला. आतां थोडें गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. तेव्हां दीडशें चौरस मीटरांच्या साध्या छपरावर तासाभरांत पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेसात हजार लिटर पाणी खालीं येणार. पंधरा लिटरांची बादली धरली तर पांचशें बादल्या. मिनिटास आठांहून अधिक! मंगलोरी कौलांचें छप्पर असतांना हें पाणी वळचणीच्या सबंध लांबीवर, शेंकडों धारांनीं विभागून पडत असे. मातीच्या अंगणास तें झेपत असे. कौलें काढून पत्रा किंवा गच्ची केली कीं तेंच सर्व पाणी एका चार-सहा इंची नळाच्या तोंडून एकाच जागीं आदळतें. मालक शपथपूर्वक सांगतो, "आम्हीं छपराची लांबी-रुंदी एक इंचहि वाढविली नाहीं." तें खरेंच असतें, आणि तरीहि शेजाऱ्याची भिंत ओली होते, तेंहि खरें असतें.

गिरगांवांतील एका वाडींत असाच एक तंटा आमच्या पाहण्यांत आला. शाळामास्तर म्हटला म्हणजे त्यास निवाडा करतां येतोच, अशा समजुतीनें दोन्ही पक्षांनीं आम्हांस मध्यें ओढलें. वरच्या बाजूच्या घरमालकांनीं कौलें काढून गच्ची केली होती, अंगणांत कोबा घातला होता, व गच्चीचा नळ घरगल्लींत सोडला होता. खालच्या बाजूच्या मालकांनीं त्यास उत्तर म्हणून गल्लींत आडवा बांध घातला. वरचे गृहस्थ आम्हांस म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा, पाऊस काय आम्ही पाडतों?" त्यावर खालचे उसळून म्हणाले, "तात्या, पाऊस देवाचा, पण नळ तुमचा!" दोघेहि साठीच्या पुढचे, एकमेकांच्या मुंजी-लग्नांत पंक्तीस बसलेले. ह्या दोघांच्या मध्यें कोंडलेलें पाणी मात्र तात्यांकडेहि गेलें नाहीं व त्यांच्या प्रतिपक्षाकडेहि गेलें नाहीं. तें गेलें तळमजल्यावरच्या एका वृद्ध बाईंच्या खोलींत. त्यांचें अंथरूण दोन पावसाळे टेबलावर होतें, आणि त्यांनीं कोणाविरुद्ध ब्रहि काढला नव्हता, कारण त्या दोन्ही घरांची ओळख धरून होत्या.

आम्हीं निवाडा केला नाहीं. एक गवंडी बोलाविला. त्यानें पारदर्शक नळींत पाणी भरून गल्लीच्या दोन्ही टोकांची पातळी घेतली. तेव्हां असें दिसून आलें कीं, थराव थर डांबर पडत गेल्यानें समोरचा रस्ता उंच झाला होता व गल्लीचें तोंड त्याच्या खालीं गेलें होतें. रस्त्याच्या गटारास मिळणारा नळ माती व प्लॅस्टिकनें इतका भरला होता कीं, त्यांतून उंदीरसुद्धां जाता ना. म्हणजे ज्या वाटेनें पाणी जावयाचें ती वाट बंद, आणि भांडण चाललें होतें तें पाणी कोणी पाठविलें ह्याचें! महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे अर्ज करून तो नळ साफ करून घेतला, गल्लीस नवा उतार दिला, बांध फोडला, व तात्यांच्या नळाखालीं जाळीचा हौद बांधला. खर्च निम्मानिम्मा न करतां ज्याच्या छपराचें क्षेत्र जितकें त्यानें तितका भार उचलावा, असें ठरलें. आणि हें तत्त्व दोघांसहि मान्य झालें, कारण छपरें मोजतां येतात, रागलोभ मोजतां येत नाहींत. त्या दोघांचें बोलणें पूर्ववत् झालें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दरवर्षीं वैशाखांत गल्ली साफ करण्याच्या दिवशीं दोघेहि आपापल्या दारांत उभे असतात, आणि बाईंचें अंथरूण जमिनीवर आलें आहे.

ह्यावरून प्रत्येक घरानें करावयाच्या कांहीं गोष्टी सांगतों. पहिली गोष्ट वेळेची. गल्ली व गच्ची साफ करावयास मृगाची वाट पाहूं नये. २०२५ सालीं मान्सून मुंबईंत २६ मे रोजींच दाखल झाला. नोंदींत इतक्या लवकर तो पूर्वीं कधीं आला नव्हता. म्हणून अक्षय्य तृतीयेचा सण झाला कीं हें काम काढावें. ज्यांची गल्ली एक त्यांनीं दिवसहि एकच ठरवावा. कारण एकानें साफ करून दुसऱ्यानें तसेंच ठेवलें तर पहिल्या सरीस सगळी मेहनत वाहून जाते.

दुसरी गोष्ट छपराची. गच्चीच्या प्रत्येक नळाच्या तोंडास जाळी असावी. नळ शेजाऱ्याच्या भिंतीवर किंवा पायावर पाणी मारील असा कधींहि लावूं नये. तो आपल्याच हद्दींत जमिनीजवळ आणून हौदांत किंवा पन्हळींत सोडावा, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो. गच्चीवर पत्र्याचें नवें छप्पर घालतांना त्याचा उतार कोणत्या बाजूस करावयाचा, हें गवंड्यावर सोंपवूं नये. तो सोईची बाजू पाहतो, न्यायाची पाहत नाहीं.

तिसरी गोष्ट अंगणाची. जेवढ्या जागेवर पाय किंवा चाक पडत नाहीं तेवढी तरी माती उघडी ठेवावी. जेथें कोबा घालावाच लागेल तेथें त्यास शंभर फुटांस एक फूट तरी उतार द्यावा, व तो उतार आपल्या गटाराकडे असावा, कुंपणाकडे नव्हे. कुंपणाच्या भिंतीस पूर्वींचीं पाणी जाण्याचीं भोंकें असतील तर तीं गिलाव्यांत बुजवूं नयेत. कोंकणांतील गडग्यास पाण्यासाठीं वाट ठेवलेली असते ती कांहीं बांधणाराच्या आळसानें नव्हे. कोंडलेलें पाणी गडगाच घेऊन जातें हें त्यास ठाऊक असतें.

चौथी गोष्ट जिरवण्याची. मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींस पर्जन्यजल सांठविण्याची अट २००२ सालापासून आहे. दादर-माटुंग्यासारख्या मोकळ्या आवारांत शोषखड्डा किंवा जुनी विहीर ह्यांचा उपयोग चांगला होतो. गिरगांवांतील दाटींत मात्र जुन्या इमारतीच्या पायाशीं खड्डा घेण्याचें धाडस इंजिनियरास विचारल्यावांचून करूं नये. विहिरीचेंहि एक पथ्य आहे. १९११ सालीं डॉ. बेंटली ह्यांनीं मुंबईंतील मलेरियावर जो अहवाल लिहिला, त्यांत घराघरांतील विहिरी ह्या डासांचीं माहेरघरें असल्याचें दाखविलें होतें, व पुढें कित्येक विहिरी बुजविण्यांत किंवा झांकण्यांत आल्या. तेव्हां विहीर असो वा टांकी, तिचें झांकण घट्ट असावें.

पांचवी गोष्ट प्रकृतीची. तुंबलेल्या पाण्यांत उंदरांचें मूत्र मिसळतें व पायास जखम असल्यास त्यांतून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा घातक ज्वर होऊं शकतो. अशा पाण्यांतून चालत आलेल्या माणसानें घरीं येतांच पाय साबणानें धुवावे, आणि जखम असेल किंवा ताप येईल तर काढ्यावर विसंबून न राहतां डॉक्टरांकडे जावें. मुलांस घरगल्लींत कागदी होड्या सोडूं देणें हें कौतुक नव्हे.

शेवटची गोष्ट आम्ही अधिक गंभीरपणें सांगतों. पाणी तुंबलें म्हणजे रस्त्यावरील मोठ्या गटाराचें झांकण काढून टाकण्याची एक वाईट संवय ह्या शहरांत आहे. आपल्या दारचें पाणी क्षणांत उतरतें, म्हणून करणारास ती परोपकाराचीहि वाटते. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं मुसळधार पाऊस होऊन परळ-प्रभादेवीच्या बाजूस रस्ते कंबरभर पाण्याखालीं गेले होते. मोटार सोडून पायीं घराकडे निघालेले एक नामांकित डॉक्टर अशाच एका उघड्या भोंकांत पडले. पाणी लवकर ओसरावें म्हणून त्याचें झांकण काढलेलें होतें. त्यांचा देह पुढें वरळीच्या बाजूस मिळाला. ज्या हातांनीं तें झांकण काढलें त्यांच्या मनांत कोणाचें वाईट करावयाचें नव्हतें. त्यांना आपल्या दारांतलें पाणी घालवावयाचें होतें, इतकेंच. परंतु 'आपल्या दारांतून गेलें म्हणजे झालें' ह्या विचाराचें शेवटचें टोंक कोठें जाऊन पोहोंचतें तें त्या दिवशीं दिसलें. नळ शेजाऱ्याच्या भिंतीकडे वळविणारा, गल्लींत बांध घालणारा आणि गटाराचें झांकण काढणारा, हे तिघेहि एकाच जातीचे अविचारी आहेत. अंतर केवळ परिणामाचें आहे.

ह्या विषयांत घरांतील मुलांस एक धडा द्यावा, असें जुन्या संवयीनें सुचवितों. येत्या पावसाळ्यांत सुटीच्या दिवशीं पाऊस जरा उघडला म्हणजे त्यांस सोबत घेऊन गच्चीवर जावें, आणि तेथें पडलेलें पाणी कोणत्या नळांतून उतरतें, कोणाच्या भिंतीवरून जातें, कोणत्या हौदांत पडतें व अखेर रस्त्याच्या गटारास कोठें मिळतें, ह्याचा नकाशा त्यांच्याकडून वहींत काढून घ्यावा. नदीचा उगम व मुख मुलें भूगोलांत पाठ करतात. आपल्या घराच्या पाण्याचें मुख त्यांस ठाऊक नसतें, आणि पुष्कळदां त्यांच्या वडिलांसहि नसतें. नकाशांत ज्या ठिकाणीं दुसऱ्याचें घर येईल त्या ठिकाणीं त्या घरच्या माणसांचीं नांवेंहि लिहावयास सांगावें. मग त्या घराकडे पाणी पाठवितांना हात थोडा आंखडेल.